ड्रोनचा थवा की ड्रोनचा ताफा? ‘थवा’ शब्दाचं मूळ आणि समूहदर्शक शब्दाची निवड

तुमचा प्रश्न असा आहे: ‘आकाशात ड्रोनचा थवा दिसला’ असं वाक्य तुम्ही लिहिलंत. मजकूर तपासणाऱ्यानं ‘थवा’ खोडून ‘ताफा’ केलं आणि शेरा मारला की थवा पक्ष्यांचाच असतो. थवा या शब्दाचा मूळ अर्थ काय, तो आला कुठून आणि कोणत्या समूहाला कोणता शब्द लावायचा हे ठरवतं कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी निकाल सांगतो. ड्रोन एकत्र उडत असतील तर ‘थवा’ बरोबर आहे. ‘ताफा’ हाही चांगला शब्द आहे, पण तो वेगळ्या वाक्यात बसतो. कोणता घ्यायचा हे ड्रोन काय करत होते आणि तुम्हाला त्यांच्याबद्दल काय सांगायचं आहे यावर अवलंबून आहे.

खरी अडचण शाळेत आहे. आपण हे शब्द जोड्या लावून पाठ करतो: पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड. त्यामुळे शब्द त्या वस्तूच्या मालकीचा आहे असं मनात बसतं. प्रत्यक्षात समूहदर्शक शब्द वस्तूचं नाव सांगतच नाही. त्या वस्तू एकत्र कशा आल्या, त्यांना कोणी बांधलं, रचलं की त्या आपोआप जमल्या, हे तो सांगतो. शब्दांची मुळं तपासली की हे स्पष्ट दिसतं, म्हणून ‘थवा’पासूनच सुरुवात करू.

‘थवा’ आला तो संस्कृत ‘स्तबक’ या शब्दापासून. स्तबक म्हणजे गुच्छ, मुख्यतः फुलांचा. प्राकृतात त्याचं रूप ‘थवय’ झालं आणि अर्थ गुच्छ हाच राहिला. पक्ष्यांचा तिथवर काही संबंध नव्हता.

स्तबक आणि थवा हे कानाला फार दूरचे वाटतात, त्यामुळे हे कशावरून म्हणायचं, असा प्रश्न पडणं योग्य आहे. व्युत्पत्ती मानताना मी एक नियम पाळतो: ध्वनी बदलण्याच्या प्रत्येक पायरीला दुसरे शब्द साक्षीला उभे करता आले पाहिजेत. इथे तीन पायऱ्या आहेत. पहिली, ‘स्त’चा ‘थ’ होतो. स्तन या शब्दाचं ‘थान’ झालं, स्तोक (म्हणजे अल्प) या शब्दापासून ‘थोडा’ आला आणि मस्तकाचा ‘माथा’ झाला. दुसरी, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘प’ किंवा ‘ब’ प्राकृतात ‘व’ होतो. गोपालचा ‘गोवळ’ झाला तो असाच. तिसरी, शब्दाच्या शेवटचा ‘अक’ झिजून ‘अय’ होतो आणि मराठीत त्याचा ‘आ’ उरतो. घोटकाचा ‘घोडा’ हे याचं नेहमीचं उदाहरण. दुसरी आणि तिसरी पायरी एकाच शब्दात पाहायची असेल तर दीपक, दीवय, दिवा ही साखळी घ्या. स्तबक, थवय, थवा ही अगदी तिच्या शेजारी बसते. स्तबक पुल्लिंगी आणि थवाही पुल्लिंगी, हा आणखी एक दुजोरा.

ध्वनी जुळले, आता अर्थ. गुच्छात फुलं सुटी दिसतात, पण एका जागी दाटलेली असतात. गुच्छ हलला की सगळी हलतात. एकत्र उडणाऱ्या पक्ष्यांचंही तेच दिसतं. प्रत्येक पक्षी वेगळा, तरी वळताना सगळे एकदम वळतात. अर्थाचा प्रवास ‘गुच्छ’, मग ‘दाटून असलेला समूह’, मग ‘एकत्र येणारा-जाणारा समूह’ असा झाला. मराठीत हा शब्द पक्ष्यांपुरता अडकलेलाही नाही. ‘लोक थव्याथव्यांनी येऊ लागले’ हे वाक्य आजही कोणाला खटकत नाही. पक्ष्यांशी त्याची गाठ घट्ट बसली ती नंतर, आणि बऱ्याच अंशी पाठ्यपुस्तकांतल्या याद्यांमुळे.

‘कळप’ हा शब्दही जवळजवळ असाच आहे. कोशकार तो संस्कृत ‘कलाप’पासून आल्याचं मानतात. कलाप म्हणजे जुडगा, एकत्र बांधलेली वस्तू. मोराच्या पिसाऱ्यालाही कलाप म्हणत, म्हणून मोर हा ‘कलापी’. बाणांचा भाता हाही कलापच. म्हणजे सजीवांच्या समूहासाठी आपण सर्वांत जास्त वापरतो ते दोन्ही शब्द मुळात बांधलेल्या किंवा एका देठाला लागलेल्या वस्तूंचे होते. मात्र ‘कळप’मध्ये एक खोच आहे आणि ती लपवणं बरं नाही. काल–काळ, फल–फळ यांच्याप्रमाणे ‘ल’चा ‘ळ’ होणं नियमाला धरून आहे. पण वरच्या दुसऱ्या पायरीप्रमाणे ‘प’चा ‘व’ व्हायला हवा होता. हिंदीतला ‘कलावा’ (मनगटाला बांधायचा दोरा) त्या वाटेनं आला आहे. मराठी ‘कळप’मध्ये मात्र ‘प’ तसाच राहिला. त्यावरून हा शब्द लोकांच्या तोंडून हळूहळू झिजत आलेला नसून संस्कृतातून नंतर उचललेला आणि अर्धवट मराठी झालेला दिसतो. ‘थवा’ची व्युत्पत्ती जितकी स्वच्छ आहे तितकी ‘कळप’ची नाही, हे लक्षात ठेवून ती सांगावी.

आता ठरवतं कोण? समूहांचे प्रकार पाडून त्यांना वेगळी नावं देण्याची परंपरा जुनी आहे. अमरकोश या संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात ‘वृन्दभेद’ म्हणून समूहाचे प्रकारच दिले आहेत. समान गोष्टींचा तो ‘वर्ग’. प्राण्यांचा ‘संघ’ किंवा ‘सार्थ’. एकाच जातीच्या जिवांचं ‘कुल’. पशुपक्ष्यांचं ‘यूथ’. समान धर्म पाळणाऱ्यांचा ‘निकाय’. ढीग असेल तर ‘पुंज’ किंवा ‘राशी’. आणि त्यातच एक विलक्षण जोडी आहे: पशूंचा तो ‘समज’ आणि इतरांचा तो ‘समाज’. (गैरसमजातला ‘समज’ वेगळा. तो ‘समजणे’पासून आला आणि समजणेचं मूळ ‘संबुध्यते’त आहे.) हा समज आणि समाज, दोन्हींच्या मुळाशी ‘अज्’ हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ हाकणे. एकत्र हाकून आणलेली गुरं म्हणजे समज. आपण रोज ज्या आदरानं ‘समाज’ म्हणतो, त्या शब्दाच्या पोटात गुरं हाकण्याची क्रिया आहे.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीनं तर समूह दाखवण्यासाठी प्रत्ययच सांगितले आहेत. ‘तस्य समूहः’ या सूत्रानं ‘त्याचा समूह’ अशा अर्थाचे शब्द तयार होतात. त्या रीतीनं कबुतरांच्या समूहाला ‘कापोत’, पोपटांच्या समूहाला ‘शौक’, मोरांच्या समूहाला ‘मायूर’, तित्तिरांच्या समूहाला ‘तैत्तिर’ म्हणत. हेही अमरकोशात आहेत. मराठीत यांपैकी एकही उतरला नाही. पण याच कुटुंबातला एक शब्द आपण दिवसात दहादा वापरतो: ‘जनता’. जन या शब्दाला समूह अर्थाचा ‘ता’ लागून तो बनला. म्हणूनच माणसं लाखो असली तरी ‘जनता आली’ असं एकवचनीच क्रियापद येतं.

इंग्रजीत प्रत्येक प्राण्याच्या समूहाला वेगळं नाव असल्याच्या याद्या फिरत असतात आणि मग ‘मराठीत कावळ्यांच्या समूहाला काय म्हणतात’ असं विचारलं जातं. त्या याद्यांचा बराच भाग 15व्या शतकातल्या शिकारीच्या शिष्टाचारातून आला. 1486 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तकात अशी मोठी यादी आहे. शिकारीला जाणाऱ्या उमरावांनी कोणता शब्द वापरावा हे शिकवणं हा तिचा हेतू होता. मराठीतले शब्द दरबारातून आलेले नाहीत. ते खळ्यातून, स्वयंपाकघरातून, बाजारातून आणि रानातून आले. कावळ्यांसाठी आपल्याकडे ‘शाळा’ आहेच. संध्याकाळी एका झाडावर कावळे जमून कलकलाट करू लागले की कावळ्यांची शाळा भरली असं म्हणतो. तेच कावळे शांतपणे उडत गेले तर ती शाळा नव्हे. ओळीनं उडणारे बगळे दिसले की माळ म्हणतो, आणि तेच शेतात विखरून उतरले की माळ तुटली. पक्षी तोच, पण समूहाचं रूप बदललं की शब्दही बदलतो.

कोणता शब्द कुठे, याचा निर्णय करताना मला सर्वांत उपयोगी पडलेली कसोटी सांगतो. समूहाच्या शब्दाआधी येणारं ‘चा-ची-चे’ काढून पाहा. बाजारात आपण ‘दोन जुड्या मेथी द्या’ म्हणतो, ‘मेथीच्या दोन जुड्या’ म्हणायची गरज पडत नाही. ‘एक घड केळी’, ‘चार मोळ्या ऊस’, ‘शंभर पेंढ्या कडबा’ हे सगळं सहज चालतं. आता ‘एक थवा पक्षी’, ‘दोन कळप हरणं’, ‘एक जमाव माणसं’ म्हणून बघा. जीभ अडते. ‘पक्ष्यांचा एक थवा’ असंच म्हणावं लागतं.

यामागे कारण आहे. जुडी, मोळी, पेंढी हे माणसानं बांधलेले गट आहेत. त्यांचा आकार साधारण ठरलेला असतो, म्हणून ते मापासारखे वागतात. थवा, कळप, जमाव हे आपोआप झालेले समूह. त्यांना ठरीव आकार नाही, त्यामुळे त्यांनी काही मोजता येत नाही. मराठी समूहदर्शक शब्दांची ही मुख्य विभागणी आहे, आणि शालेय याद्यांमध्ये नेमकी हीच दिसत नाही.

बांधलेल्या गटांत हात हे पहिलं माप. एका हातात मावते ती जुडी: कोथिंबिरीची, मेथीची, दुर्वांची. गणपतीला वाहायच्या जुडीत 21 दुर्वा घेतात, म्हणजे इथे आकडाही ठरलेला. जुडी, जुडगा, जोडी, जोडणे हे सगळे एकाच घरातले शब्द. कापलेल्या ज्वारीची ताटं बांधली की पेंढी. पाच पेंढ्या एकत्र आल्या की ‘पाचुंदा’, ज्याच्या नावातच पाच आहे. विकताना भाव शेकड्यावर. डोक्यावर किंवा पाठीवर वाहून न्यायचं ते ओझं म्हणजे भारा. त्यात ‘भार’ उघड दिसतो. सरपणाची आणि उसाची होते ती मोळी. गवताची मोळी आणि लाकडांची पेंढी असं कोणी लिहिलं की ते चुकीचं का वाटतं, हे यावरून कळेल. गवत वळून बांधता येतं, लांब कडक दांडे आडवे ठेवून आवळावे लागतात, आणि शब्द या कृतीला चिकटलेले आहेत. कागदाचा ‘दस्ता’ही हाताचाच. फारसीत दस्त म्हणजे हात. जुन्या हिशेबात 24 ताव म्हणजे एक दस्ता आणि 20 दस्ते म्हणजे एक रीम, म्हणजे 480 ताव. आता रीम 500 तावांचं धरतात. ‘रीम’ हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला असला तरी त्याचं मूळ अरबी ‘रिझ्मा’ आहे आणि त्याचा अर्थही गठ्ठाच.

केळ्यांच्या बाबतीत वाद पुष्कळ होतात, म्हणून नेमकं सांगतो. केळीच्या झाडाला दांड्यासकट लागतो तो सबंध घड. काही भागांत त्याला लोंगर म्हणतात. घडावर दांड्याभोवती थरांनी लागलेला प्रत्येक पंजा म्हणजे फणी. केस विंचरायच्या फणीसारखी दिसते म्हणून फणी. बागायतदार घड चांगला पोसावा म्हणून खालच्या लहान फण्या कापून टाकतात. आपण दुकानातून आणतो ती बहुतेक वेळा फणी किंवा फणीचा तुकडा, आणि लिहितो मात्र ‘केळ्यांचा घड आणला’. सबंध घड उचलायला जोर लागतो, हे माहीत असलेल्या वाचकाला हे वाक्य लगेच खटकतं.

रचलेल्या वस्तूंचे शब्द तर सर्वांत नेमके आहेत. सपाट वस्तू एकावर एक ठेवल्या की चवड, भाकऱ्यांची किंवा पोळ्यांची. नाण्यांची चळत. भरलेल्या पोत्यांची थप्पी. मडक्यांची मात्र उतरंड, आणि उतरंडीला अट आहे: तळाला सर्वांत मोठं मडकं, त्याच्या तोंडावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी उतरत्या मापानं रचना हवी. सारख्या मापाची मडकी ओळीनं मांडली तर ती उतरंड नव्हे. तळच्या मडक्यातलं धान्य काढायचं तर वरची सगळी एकेक करून उतरवावी लागतात. म्हणूनच समाजातल्या वरच्या-खालच्या श्रेणींसाठी ‘उतरंड’ हा शब्द इतका चपखल बसला. तिथे ‘ढीग’ किंवा ‘थप्पी’ लिहून तो अर्थ येणार नाही.

‘अढी’ हा शब्द जवळून पाहण्यासारखा आहे. बाजारात हातगाडीवर रचलेल्या आंब्यांना अढी म्हणणं ही नेहमीची चूक. तो ढीग. अढी ही पिकवण्यासाठी घालतात. खाली पेंढा किंवा वाळलेलं गवत, त्यावर कैऱ्यांचा एक थर, पुन्हा गवत, पुन्हा थर, आणि वरून झाकण. आतल्या उबेनं फळ पिकतं. काही दिवसांनी अढी उकलून पिकलेले आंबे काढायचे, कच्चे परत ठेवायचे आणि नासलेला दिसला की तो ताबडतोब बाहेर काढायचा, नाहीतर शेजारचे नासतात. या शब्दात संख्या नाही, आकार नाही, फक्त हेतू आहे: पिकायला ठेवलेले.

‘रास’ धान्याची. मळणी आणि उफणणी झाल्यावर खळ्यात स्वच्छ दाण्यांची जी शंकूसारखी होते ती रास. भूस वेगळं होण्याआधी रास म्हणत नाहीत. संस्कृत ‘राशि’ म्हणजे ढीग, आणि पत्रिकेतली रास हाच शब्द. ती ताऱ्यांची रास. शाळेत केलेलं त्रैराशिकही यातलंच: तीन राशी, म्हणजे तीन परिमाणं दिलेली असतात आणि चौथं काढायचं असतं. ‘आमराई’तली ‘राई’ मात्र ढीग नाही, ती ओळ. संस्कृत ‘राजि’ म्हणजे ओळ, जी ‘वनराजी’त अजून दिसते. आज राई म्हटल्यावर ओळ डोळ्यांसमोर येत नाही, दाट सावली येते. शब्दाचं मूळ सांगताना हे भान ठेवावं: मूळ अर्थ म्हणजे आजचा अर्थ नव्हे. स्तबक फुलांचा होता म्हणून उद्या कोणी ‘पक्ष्यांचा थवा’ चूक ठरवू लागलं तर ते तितकंच गैर होईल, जितका तुमच्या मजकुरावरचा शेरा आहे.

माणसांच्या समूहांत हालचाल आणि हेतू बघावा लागतो. कुठेही न जाता बोलत उभे असलेले म्हणजे घोळका. मध्ये कोणीतरी आहे आणि भोवती माणसं आहेत तर गराडा. मध्यभागी कोणी नसेल तर गराडा होत नाही. एकाच दाराशी, एकाच खिडकीशी रेटारेटी असेल तर झुंबड. ठरवून एका दिशेनं निघालेल्यांचा जथा. ‘जमाव’ हा अरबी ‘जमा’वरून आलेल्या ‘जमणे’ला मराठी ‘आव’ लागून बनला, जसा ठरणेचा ठराव. या शब्दाला कायद्याचं वजनही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 नुसार बेकायदेशीर जमाव होण्यासाठी किमान पाच व्यक्ती लागतात, आणि जमावबंदीचे आदेश निघतात तेव्हा हाच शब्द असतो. म्हणून लग्नात जमलेल्या पाहुण्यांना ‘जमाव’ लिहू नका, वाचकाला पोलीस आठवतात.

‘टोळी’चं वजन जागेप्रमाणे बदलतं. दरोडेखोरांची टोळी वाईट, माकडांची टोळी नुसती खोडकर, आणि ऊसतोडणीत तर टोळी हा कामाचा रोजचा शब्द आहे. मुकादम टोळी आणतो. तिथे माणसं मोजतात तीही वेगळ्या शब्दानं: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, एकटा माणूस आला तर अर्धा. हत्याराचं नाव दोन माणसांच्या समूहाला लागलं आहे. ऊसतोडणीबद्दल लिहिताना ‘टोळी’ खोडून ‘गट’ करणारा संपादक त्या धंद्याचा शब्दच पुसून टाकतो. आदिवासींबद्दल लिहिताना मात्र ‘टोळी’ टाळावी, ‘जमात’ लिहावं. ‘तांडा’ मुळात प्रवासाचा. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून चाललेल्या लमाणांचा तो तांडा. ते स्थिरावले, तरी वस्तीचं नाव तांडाच राहिलं. समूहाचा शब्द जागेचं नाव झाला. ‘खिल्लार’चं तसंच. त्याचा अर्थ गुरांचा कळप, पण आज तो ऐकला की माणदेशातली पांढरी, लांब शिंगांची बैलजोडी डोळ्यांपुढे येते. समूहाचा शब्द जातीचं नाव झाला. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा काफिला, आणि त्याचं ‘साथ’ झालं, चतुर्थचं चौथा व्हावं तसं. ‘साथ देणे’ म्हणताना आपण एका जुन्या काफिल्याचं नाव घेत असतो.

लिहिताना होणाऱ्या चुका थोडक्यात सांगून तुमच्या वाक्याकडे येतो. सर्वांत जास्त दिसणारी चूक ‘पक्षांचा थवा’. पक्ष म्हणजे राजकीय पक्ष किंवा पंधरवडा. पक्षी या शब्दाचं अनेकवचनी सामान्यरूप ‘पक्ष्यां’, म्हणून पक्ष्यांचा थवा. दुसरी, क्रियापद आतल्या वस्तूंना जुळवणं. ‘पक्ष्यांचा थवा उडाले’ नव्हे, ‘उडाला’. कर्ता थवा आहे. लिंगही समूहाच्या शब्दाचंच: मेथीची जुडी सुकली, नोटांचं पुडकं हरवलं. तिसरी, मोजता येणाऱ्या वस्तू अनेकवचनात (किल्ल्यांचा जुडगा) आणि न मोजता येणाऱ्या एकवचनात (धान्याची रास, गवताचा भारा) हे न पाळणं. व्याकरणात हे शब्द सामान्यनामातच धरतात, कारण त्यांचं अनेकवचन होतं: थवे, जुड्या, राशी.

आता ड्रोन. ‘ताफा’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ मंडळी, गट. मराठीत नाचगाण्याच्या संचाला ताफा म्हणत आणि पुढे वाहनांच्या समूहाला हा शब्द लागला. त्यात मालकीचा किंवा सेवेचा भाव आहे. एखाद्या विमान कंपनीच्या ताफ्यात चाळीस विमानं आहेत असं आपण म्हणतो, मग त्यातली निम्मी जमिनीवर उभी असली तरी हरकत नाही. मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा, अग्निशमन दलाच्या ताफ्यात नवा बंब, हेच त्याचं क्षेत्र. काफिल्यात एकामागून एक चाल हवी, जसा जहाजांचा काफिला. थव्यात मालकी नाही आणि ओळही नाही. त्यात फक्त दाटीनं एकत्र असणं आणि एकत्र वळणं आहे.

तेव्हा ‘दलाच्या ताफ्यात ड्रोन दाखल झाले’ हे बरोबर आणि ‘आकाशात ड्रोनचा थवा दिसला’ हेही बरोबर. तुमचं वाक्य पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहिलेलं आहे. ड्रोन कोणाचे होते हे त्याला माहीत नाही, म्हणून तिथे ताफा आणला तर वाक्यात नसलेली माहिती घुसते. मूळ शब्द परत ठेवा. फक्त एक तपासा: किती ड्रोन होते? दोन-तीनच असतील तर ‘थवा’ही नको, ‘तीन ड्रोन दिसले’ इतकंच लिहा. आणि ते अंतराअंतरानं एकामागून एक गेले असतील तर ‘ड्रोनची रांग’ लिहा.